देवस्थानाला नोटीस आली: हक्क कोणते, खर्च किती

नोटीस आल्यावर विश्वस्तांची जी तातडीची बैठक बसते तिच्यात दोन आवाज हमखास उठतात. एक म्हणतो, देवाच्या पैशाचा हिशेब सरकारला कशासाठी द्यायचा? दुसरा म्हणतो, साहेब ओळखीचे आहेत, मी बघतो. पहिल्याचं ऐकलं तर दंड लागतो. दुसऱ्याचं ऐकणं त्याहून महाग पडतं, कारण ‘बघण्यासाठी’ दिलेल्या पैशाचं व्हाउचर कुठल्याच कीर्दीला लावता येत नाही, आणि उद्या तीच रक्कम अपहार म्हणून विश्वस्तांच्या नावावर येते. (कुणी लाच मागितलीच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे.)

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सार्वजनिक मंदिराला, मठाला, देरासराला, चर्चला किंवा अग्यारीला हिशेब न दाखवण्याचा हक्क नाही. तो हिशेब कुणी मागायचा, कसा मागायचा, किती मुदत द्यायची आणि त्यावरून काही ठरवण्याआधी तुमचं म्हणणं कसं ऐकायचं, याला मात्र कायद्याच्या मर्यादा आहेत. तुमचे हक्क या मर्यादांमध्ये आहेत. त्यातले बहुतेक फुकट किंवा नाममात्र खर्चात वापरता येतात, पण मुदतीत वापरले तरच.

संविधानाचं कलम २६ धार्मिक संप्रदायाला आपल्या धर्माच्या बाबी स्वतः सांभाळू देतं, पण मालमत्तेचा कारभार ‘कायद्यानुसार’ करायचा असंही तेच कलम सांगतं. धर्माशी जोडलेल्या आर्थिक व्यवहारांचं नियमन करण्याची मुभा कलम २५ राज्याला देतं. आपल्याकडचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. तेव्हा तो मुंबई राज्याचा होता, आता महाराष्ट्राच्या नावानं ओळखला जातो. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. १९५४ च्या त्या रतिलाल पानाचंद गांधी निकालात कायद्याचा बराचसा सांगाडा टिकला. पण धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त करून टाकण्याची सोय, आणि दात्याचा मूळ हेतू पाळणं शक्य असतानाही धर्मासाठीचा पैसा दुसरीकडे वळवण्याची सोय न्यायालयानं रद्द केली. त्याच वर्षीचा शिरूर मठाचा निकालही लक्षात ठेवावा (हे शिरूर पुण्याजवळचं नव्हे, उडुपीच्या अष्टमठांतलं). सरकारी माणसाला देवळात केव्हाही, कुठेही शिरण्याचा मोकाट अधिकार नाही, असं त्यात ठरलं. बैठकीत ‘आमचा धर्म, आमचा पैसा’ असं म्हणणाऱ्यांना आणि ‘सरकार काहीही करू शकतं’ असं म्हणून हात टेकणाऱ्यांना, दोघांनाही हे दोन निकाल सांगावेत.

आधी एक तपासा: तुमची संस्था नक्की कोणाच्या कक्षेत येते? शिर्डीचं साईबाबा संस्थान, प्रभादेवीचं सिद्धिविनायक आणि पंढरपूरची मंदिरं यांच्यासाठी स्वतंत्र कायदे आहेत. वक्फच्या मालमत्ता वक्फ मंडळाकडे जातात. बाकीच्या सार्वजनिक देवस्थानांना मुख्यतः दोन दारांतून पत्रं येतात: धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आणि प्राप्तिकर विभाग. परदेशातून देणगी घेत असाल तर तिसरं दार गृह मंत्रालयाचं.

निरीक्षक दारात उभा आहे

धर्मादाय कार्यालयाची चौकशी बऱ्याचदा गावातल्याच एखाद्या अर्जातून सुरू होते. कायद्यानं ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ ही कल्पना इतकी रुंद ठेवली आहे की देवळात नेमानं दर्शनाला येणारा साधा भाविकही तक्रार करू शकतो. कलम ४१बी खाली धर्मादाय आयुक्त अशा लेखी तक्रारीवरून किंवा स्वतःहून चौकशी लावू शकतात. त्यामुळे पहिलं काम तक्रारीची प्रत मागण्याचं. प्रत हातात आल्याशिवाय उत्तर लिहायला बसू नये. ऐकीव तक्रारीला दिलेल्या उत्तरात विश्वस्त भलतंच काही कबूल करून बसतात. प्रमाणित नकलेसाठी अर्ज द्या. तसं न जमल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे: १० रुपये शुल्क आणि पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही.

तपासणीचा अधिकार कलम ३७ मध्ये आहे. आयुक्त, उपआयुक्त, सहायक आयुक्त आणि निरीक्षक विश्वस्त संस्थेच्या मालमत्तेत येऊ शकतात, कागद पाहू शकतात, विवरणं मागवू शकतात. पण याच कलमाच्या परंतुकात दोन अटी आहेत: प्रवेश करण्यापूर्वी विश्वस्तांना वाजवी सूचना द्यायची आणि संस्थेच्या धार्मिक प्रथा-परंपरांचा योग्य मान राखायचा. परंतुकातल्या या दोन ओळींची छापील प्रत कार्यालयाच्या भिंतीवर लावून ठेवली तरी चालेल. काकड आरतीच्या वेळी गाभाऱ्यात पंचनामा करायचा असेल तर ‘आरती झाल्यावर या, दागिने पुजाऱ्याच्या हातून बाहेर आणून मोजू’ असं सांगता येतं आणि सांगावंही. प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये, नमाजाच्या वेळी दर्ग्यात, पर्युषणात देरासरात हीच गोष्ट. मात्र ‘आज नको’ म्हणताना दुसरी तारीख आणि वेळ लेखी द्या. नुसतं ‘आज नको’ हे अडथळा आणल्यासारखं नोंदवलं जातं.

आलेल्या माणसाचं ओळखपत्र पाहणं, आदेशाची प्रत घेणं आणि नेलेल्या प्रत्येक कागदाची पोच घेणं यात उद्धटपणा नाही. मूळ पावतीपुस्तकं आणि ठरावबुक हाताबाहेर जाऊ देण्याआधी त्यांचं पान अन् पान स्कॅन करा. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात होणारा हा खर्च सगळ्या चौकशीत सर्वांत कारणी लागतो. दोन वर्षांनी सुनावणीत एखादं व्हाउचर फाइलमधून गायब निघालं तर तुमच्याकडचा स्कॅनच तुमची बाजू सांगतो.

पुढचा क्रम कायद्यात टप्प्याटप्प्यानं आखलेला आहे, तो ओळखीचा करून घ्या. लेखापरीक्षकाच्या अहवालात किंवा तपासणीत काही खटकलं तर कलम ३८ खाली तुमच्याकडून खुलासा मागवतात. त्यानंतर कलम ३९ खाली सहायक किंवा उपआयुक्त चौकशी करून विश्वस्ताकडून घोर हयगय, विश्वासघात किंवा अपहार झाला का, आणि त्यात संस्थेचं नुकसान झालं का, याचा अहवाल वर पाठवतात. कलम ४० खाली धर्मादाय आयुक्त संबंधित माणसाला म्हणणं मांडू देऊन नुकसानीची रक्कम ठरवतात. कलम ४१ खाली ती रक्कम त्या विश्वस्ताच्या खिशातून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. संस्थेच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या खिशातून. म्हणून पहिला खुलासा हे सगळ्यांत महत्त्वाचं कागदपत्र. तो चार ओळींत ‘आरोप खोटे आहेत’ असं लिहून उरकला तर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर वकिलाचे पैसे वाढत जातात. प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र उत्तर, प्रत्येक उत्तरापुढे कागदाचा क्रमांक, आणि जो कागद सापडत नाही तो ‘सापडत नाही’ असं स्पष्ट. एवढं पाळलेला खुलासा पुष्कळ प्रकरणं तिथेच थांबवतो.

कलम ४१डी खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढून टाकता येतं. पण काढून टाकण्याआधी दोषारोप निश्चित करून ते त्याला कळवावे लागतात आणि उत्तराची, पुराव्याची संधी द्यावी लागते. आदेश विरोधात गेला तर तो कळल्यापासून ९० दिवसांत न्यायालयात अर्ज करता येतो. कलम ४० किंवा ४१ च्या आदेशाविरुद्ध कलम ७२ खाली ६० दिवस आहेत. सहायक किंवा उपआयुक्तांच्या बहुतेक निर्णयांवर धर्मादाय आयुक्तांकडे अपील असतं, त्यालाही ६० दिवसच. आदेशाची तारीख आणि तो प्रत्यक्ष हातात पडल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाकिटासकट आदेश जपून ठेवा, कारण मुदत कुठून मोजायची यावर वाद झाला तर पाकिटावरचा टपालाचा शिक्का कामाला येतो.

प्राप्तिकराची चिठ्ठी

आधी नोटीस खरी आहे का ते पाहा. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन, असावा लागतो. अपवाद थोडे आहेत. तो क्रमांक विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही, लॉगिनशिवाय आणि पैशाशिवाय तपासता येतो. विभागाच्या नावानं खोटे ईमेल पाठवणाऱ्यांचा धंदा जोरात असताना ही दोन मिनिटं वाया गेली असं समजू नका.

दुसरी फुकटची गोष्ट त्याहून महत्त्वाची. पोर्टलवर संस्थेचा ईमेल आणि मोबाइल कोणाचा आहे? आता बरीच कार्यवाही चेहराविरहित, म्हणजे पोर्टलवरूनच चालते. गावोगावच्या देवस्थानांनी नोंदणीच्या वेळी त्या वेळच्या सीएचा किंवा त्याच्या लेखनिकाचा ईमेल देऊन ठेवलेला असतो. सीए बदलतो, लेखनिक नोकरी सोडतो, आणि नोटिसा कुणाच्या तरी बंद पेटीत साठत राहतात. विश्वस्तांना पत्ता लागतो तेव्हा एकतर्फी आकारणी होऊन मागणीपत्र निघालेलं असतं. ईमेल बदलायला एक रुपया लागत नाही. न बदलल्याची किंमत मात्र पुढच्या आकड्यांत दिसेल.

नोटिशीला उत्तरच दिलं नाही तर प्रत्येक कसुरीला १०,००० रुपये दंड होऊ शकतो. आकारणीवर पहिलं अपील आयुक्त (अपील) यांच्याकडे ३० दिवसांत करायचं. १९६१ च्या कायद्यानुसार त्याची सरकारी फी ठरलेल्या उत्पन्नाप्रमाणे २५०, ५०० किंवा १,००० रुपये. त्यावरचं अपील न्यायाधिकरणाकडे: फी ५०० पासून १०,००० रुपयांपर्यंत. उत्पन्न २ लाखांवर असेल तर एक टक्का, पण १०,००० च्या वर नाही. नोंदणी नाकारली किंवा रद्द केली अशा प्रकरणांत न्यायाधिकरणाची फी ५०० रुपयेच. आकडे वाचून वाटेल की अपील स्वस्त आहे. अपील स्वस्तच आहे. महाग पडतं ते वसुली थांबवणं. पहिलं अपील चालू असताना मागणीला स्थगिती हवी असेल तर विभागाच्या सूचनेप्रमाणे साधारणपणे मागणीचा ठरावीक हिस्सा आधी भरावा लागतो. १० लाखांच्या मागणीवर अपिलाची फी १,००० रुपये आणि स्थगितीसाठी लाख-दोन लाख. ज्या देवस्थानाची वार्षिक जमाच ३-४ लाख, त्याचा उत्सव इथेच थांबतो. विभागाची बाजू कमकुवत असल्याचं दाखवून त्याहूनही कमी भरण्याची सवलत मागता येते. विश्वस्त ती मागतच नाहीत, कारण ती असते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

सर्वे आणि झडती यांत लोक गल्लत करतात. २०१७ पासून सर्वेचा अधिकार धर्मादाय काम चालतं त्या जागेलाही लागू झाला आहे. सर्वेसाठी येणाऱ्यांनी कामकाजाच्या वेळेतच यायचं. ते रोकड मोजू शकतात, पण उचलून नेऊ शकत नाहीत. वह्या ताब्यात घ्यायच्या असतील तर कारण लिहावं लागतं, आणि सुट्ट्या सोडून १५ दिवसांहून जास्त ठेवायच्या असतील तर वरिष्ठांची परवानगी लागते. तुमचा जबाब घेता येतो, पण सर्वेतल्या नुसत्या जबाबावर कर लादता येत नाही असं न्यायालयांनी मानलं आहे. म्हणून ‘आठवत नाही, वही पाहून सांगतो’ हे उत्तर लाजिरवाणं समजू नका. झडती मात्र वेगळी. तिला वरिष्ठांचं अधिकारपत्र लागतं, ते तुम्हाला दाखवावं लागतं, पंचनामा होतो, आणि त्यात रोख व दागिने जप्त होऊ शकतात. अशा वेळी वाद न घालता अधिकारपत्र वाचा आणि पंचनाम्याची प्रत घ्या.

हुंडीच्या पैशाबद्दल एक दिलासा. नाव-पत्ता नसलेल्या देणग्यांवर संस्थांना एका मर्यादेपलीकडे ३० टक्के कर लागतो, पण पूर्णपणे धार्मिक संस्थेला हा नियम लागू नाही. धार्मिक आणि धर्मादाय अशी दोन्ही कामं करणाऱ्या संस्थेलाही सूट आहे. फक्त शाळा किंवा दवाखान्यासाठी म्हणून दिलेली निनावी रक्कम सुटत नाही. शिर्डी संस्थान केवळ धर्मादाय संस्था आहे, म्हणून दानपेटीतल्या रकमेवर कर द्यावा, असं प्राप्तिकर विभागाचं म्हणणं होतं. न्यायाधिकरणानं ते मानलं नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही संस्थान धार्मिक आणि धर्मादाय दोन्ही आहे असं म्हणत संस्थानाच्या बाजूनं निकाल दिला. दानपेटीबाबत विचारणा आली तर हा निकाल उत्तराला जोडा. त्याबरोबर दर वेळी पेटी उघडल्याची पंचांच्या सह्यांची नोंद आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशीची बँकेची चलनं जोडता आली तर उत्तर पुरं होतं.

रोखीच्या बाबतीत मात्र देवस्थान म्हणून वेगळी माया नाही. एकाच व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो. मांडववाल्याला, आचाऱ्याला, वाजंत्रीवाल्याला एका दिवसात १०,००० हून जास्त रोख दिली तर तो खर्च करमाफीच्या हिशेबात धरला जात नाही. भंडाऱ्याच्या ६०,००० रुपयांच्या बिलापोटी चेक दिला असता तर चौकशीत तो प्रश्नच आला नसता.

सर्वांत मोठी किंमत नोंदणी गमावण्याची. प्राप्तिकराच्या कलम १२एबी खालची करमाफीची नोंदणी आता कायमची राहिलेली नाही, ती ५ वर्षांची असते. लहान संस्थांना, म्हणजे सूट धरण्याआधी उत्पन्न ५ कोटींच्या आत असणाऱ्यांना, २०२५ च्या वित्त कायद्यानं ती १० वर्षांची केली. अर्ज ऑनलाइन असतो आणि त्याला सरकारी फी नाही. पण नूतनीकरण राहून गेलं तर संस्थेच्या निव्वळ मालमत्तेच्या बाजारभावावर कमाल दरानं ‘निर्गमन कर’ लागू शकतो. भाविकांनी चार पिढ्यांत जमवलेल्या इमारतीच्या बाजारभावाचा विचार करा. उशीर झाला असेल तर योग्य कारण दाखवून विलंब माफ करून घेण्याची तरतूद आहे; ती नोटीस येण्याआधी वापरलेली बरी. नोंदणी रद्द करण्यापूर्वी सुनावणी द्यावीच लागते, आणि ती न देता झालेला आदेश अपिलात टिकणं कठीण.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू असल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मागच्या वर्षांबद्दलची नोटीस मात्र जुन्याच क्रमांकांनी येईल. नोटिशीतलं कलम कोणत्या कायद्याचं, हे सीएला पहिल्याच भेटीत विचारा.

परदेशी देणगीचं थोडक्यात. परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी हवी, पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावा, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत राहावा, वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत जावं. नोंदणी १८० दिवस निलंबित होऊ शकते आणि तेवढीच मुदत वाढवता येते. रद्द करण्याआधी म्हणणं ऐकावं लागतं. निलंबनाच्या काळात पगार-बिलं कशी भागवायची याची तजवीज नसेल तर संस्था निकाल लागण्याआधीच बंद पडते. लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या आप्तांकडून मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी रक्कम घेण्याआधी पाठवणाऱ्याचा पासपोर्ट कुठला आहे हे विचारा. भारतीय नागरिकानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्यानं पाठवलेली रक्कम, कायद्यासाठी या वेगळ्या गोष्टी आहेत, मग तो तुमचा सख्खा भाचा का असेना.

परदेशातून आलेले विश्वस्त कधी कधी म्हणतात की अमेरिकेत चर्चच्या हिशेबाला हात लावत नाहीत. ते अर्धंच खरं आहे. तिथे १९८४ च्या कायद्यानं करविभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला सबळ कारण लेखी नोंदवूनच उपासनास्थळाची करचौकशी सुरू करता येते, आधी सूचना द्यावी लागते आणि साधारण दोन वर्षांत ती संपवावी लागते. २००७ मध्ये सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी सहा दूरचित्रवाणी धर्मोपदेशकांच्या संस्थांकडे हिशेब मागितले, तेव्हा काहींनी माहिती दिली, काहींनी पुरती दिलीच नाही, आणि २०११ चा अहवाल दंडाशिवाय संपला. तसं खास कवच आपल्या कायद्यात नाही. त्याच्या भरवशावर इथली नोटीस परत पाठवू नका.

वकील, सीए आणि कोणाचा खिसा

व्यावसायिकांच्या फीचा छापील दर कुठेही नाही. मुंबईत आणि तालुक्याच्या ठिकाणी तो सारखाही नसतो. म्हणून एकठोक आकडा विचारू नका, टप्पे पाडून विचारा: नोटीस आणि कागद वाचून सल्ला देण्याचे किती, खुलासा तयार करण्याचे किती, दर हजेरीला किती, पुढची तारीख पडली तर त्या दिवसाचे पूर्ण की अर्धे, प्रवास आणि नकला वेगळ्या का, सीएच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागणार का. देवस्थानाला त्या जीएसटीची वजावट बहुधा मिळत नाही, म्हणजे तो खर्चच. दोन ठिकाणचे लेखी दर घ्या आणि ठरावबुकात नोंदवा. एका व्यावसायिकाची वर्षाची फी ५०,००० वर गेली तर टीडीएस कापायचा विसरू नका. करचौकशीसाठी नेमलेल्या सीएचाच टीडीएस कापला नाही म्हणून पुढच्या वर्षी शेरा येणं हे हास्यास्पद आहे, पण घडतं.

‘वाचवलेल्या करातले इतके टक्के द्या’ किंवा ‘जिंकलो तरच फी’ असं सांगणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. वकील आणि सीए या दोघांनाही निकालावर अवलंबून फी घेण्याची त्यांच्या व्यवसायाच्या नियमांनी मनाई आहे. जो स्वतःचे नियम मोडतो तो तुमचे सांभाळेल असं धरू नका.

प्रत्येक पत्राला वकील लागतोच असंही नाही. चेंज रिपोर्टची (विश्वस्त बदलल्याच्या नोंदीची) विचारणा, लेखापरीक्षण अहवाल राहिल्याचं स्मरणपत्र, दानपेटीच्या नोंदीचा साधा प्रश्न, ही उत्तरं सचिव आणि सीए मिळून देऊ शकतात. वकील लागतो तो कलम ३९ ते ४१डी मधला कागद आला की, किंवा पोलीस वा अंमलबजावणी संचालनालयाचं समन्स आलं की. समन्स आल्यावर तर जबाब देण्याआधीच. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, पण साक्षीदार म्हणून बोलावलेल्या विश्वस्ताचं स्थान वेगळं असतं. तुम्ही त्या दिवशी कोण आहात हे आधी कळून घेणं वकिलाच्या फीची किंमत वसूल करतं.

आता नाजूक भाग: हा खर्च दानपेटीतून करायचा का? संस्थेचा बचाव, संस्थेची नोंदणी, संस्थेवरचा कर, यांचा वाजवी खर्च संस्थेचा. ठराव करून, बिल घेऊन, चेकनं द्या. पण ‘अमुक विश्वस्तानं अपहार केला’ असा आरोप असेल तर त्याच्या बचावाचा वकील त्यानं स्वतःच्या पैशानं नेमावा. हाच पैसा संस्थेनं दिला तर लेखापरीक्षक शेरा मारेलच, शिवाय विश्वस्ताला संस्थेच्या पैशातून वैयक्तिक लाभ दिला असा प्राप्तिकराचा दुसरा प्रश्न तयार होतो, आणि त्यात करमाफीच धोक्यात येते. विश्वस्तावर बसलेला दंडही त्याचाच. एकाच वकिलानं संस्थेची आणि आरोप असलेल्या विश्वस्ताची बाजू घेणं स्वस्त दिसतं. पण दोघांचं हित फुटलं की त्या वकिलाला दोन्ही बाजू सोडाव्या लागतात आणि फी पुन्हा पहिल्यापासून.

पैसा नाही म्हणून कुणा सावकाराकडून किंवा पतपेढीकडून संस्थेच्या नावे कर्जही काढू नका. कलम ३६ए प्रमाणे संस्थेसाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. कोर्टाच्या खर्चासाठी घेतलेलं बिनपरवानगीचं कर्ज ही नवी तक्रार होते. जमीन विकून खर्च भागवण्याचा विचार असेल तर कलम ३६ ची मंजुरी लागते, आणि ती चौकशी चालू असताना लवकर मिळेल अशी आशा करू नका. त्यापेक्षा भाविकांसमोर सगळा विषय ठेवून त्याच कामासाठी वेगळ्या पावत्यांवर देणगी मागणं सरळ. काही गावं हे करायला लाजतात. चौकशी लपवण्यात जी इभ्रत वाचते असं वाटतं ती चहाच्या टपरीवर आधीच गेलेली असते.

एका गोष्टीचा खर्च जवळजवळ नाही आणि ती जवळजवळ सगळेच विसरतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो दिला नाही, किंवा देऊन वर्षानुवर्षं प्रलंबित राहिला, तर नोंदवहीत जुनीच नावं राहतात. पाच वर्षांपूर्वी राजीनामा देऊन मुलाकडे पुण्याला राहायला गेलेल्या आजोबांच्या नावे नोटीस निघते, ती जुन्या पत्त्यावरून परत जाते, आणि इकडे नवे विश्वस्त हजर राहिले तर ‘तुम्ही नोंदीवर नाही’ म्हणून त्यांना आधी उभं राहण्यासाठीच भांडावं लागतं. राजीनामा देणाऱ्यानं आपल्या राजीनाम्याची पोच आणि चेंज रिपोर्टचा क्रमांक स्वतःच्या घरी ठेवावा. नव्या विश्वस्तानं पहिल्या बैठकीतच नोंदवहीचा, म्हणजे परिशिष्ट १ चा, ताजा उतारा मागवावा, आपलं नाव त्यात आहे का पाहावं, आणि मगच चेकवर सही करावी.